पेठेंतील उत्सवाची मांडणी : चौक, वर्गणी व मिरवणूक

पुण्यांतील सार्वजनिक गणेशोत्सव इ. स. १८९२ सालीं सुरू झाला कीं १८९३ सालीं, हा वाद सन २०१७ मध्यें एकाएकीं पेटला. त्या वर्षीं पुणें महानगरपालिकेनें उत्सवाचें १२५ वें वर्ष साजरें करण्याचें ठरविलें. म्हणजे गणनेचा आरंभ १८९३ धरला. भाऊसाहेब रंगारी यांच्या नांवें चालणाऱ्या मंडळानें त्यास हरकत घेतली. त्यांचें म्हणणें असें कीं, भाऊ लक्ष्मण जावळे ऊर्फ भाऊसाहेब रंगारी यांनीं १८९२ सालींच मूर्ति बसविली असल्यामुळें १२५ वें वर्ष आदल्या सालींच होऊन गेलें, आणि उत्सवाचे जनक म्हणून लोकमान्य टिळकांच्या आधीं रंगाऱ्यांचें नांव घेतलें पाहिजे. वाद वर्तमानपत्रांतून न्यायालयापर्यंत गेला. दोन्ही बाजूंनीं जें लिहिलें व बोललें गेलें त्यांत व्यक्तींच्या मोठेपणाचा विचार फार झाला. उत्सव मांडला कसा, जागा कोणाची, पैसा कोणाचा, परवाना कोणाच्या नांवें, याचा विचार जवळजवळ झालाच नाहीं. प्रस्तुत लेखांत आम्ही तेवढ्याच बाजूचा विचार करणार आहों.

एका वर्षाच्या अंतरासाठीं एवढी उठाठेव कशाला, असें कोणी म्हणेल. परंतु येथें साल मागें सरकलें कीं कारणहि सरकतें. ११ ऑगस्ट १८९३ रोजीं मुंबईस हिंदु-मुसलमानांचा मोठा दंगा झाला. त्या वर्षींची गणेशचतुर्थी सप्टेंबरच्या मध्यास, म्हणजे दंग्यानंतर सुमारें महिन्याभरानें आली. पुष्कळ ग्रंथकारांनीं या दोन गोष्टी कार्यकारणभावानें जोडून टाकल्या आहेत. उलट १८९२ सालची चतुर्थी ऑगस्टांत होती, आणि तेव्हां मुंबईचा दंगा व्हावयास जवळजवळ एक वर्षाचा अवकाश होता. त्या वर्षीं मूर्ति खरोखरच लोकांसाठीं बसली असेल, तर दंगा हें उत्सवाच्या जन्माचें कारण राहत नाहीं. फार तर वाढीचें कारण ठरतें. मग ग्वाल्हेरच्या दरबारचा उत्सव पाहून सरदार खासगीवाले यांनीं ती कल्पना पुण्यास आणली, ही जी परंपरा सांगितली जाते तिचें वजन वाढतें. एवंच येथें सालाचा निर्णय हा हेतूचाहि निर्णय आहे, व म्हणून तो अजमासानें करून चालावयाचें नाहीं.

आमच्या मतें घोटाळ्याचें मूळ 'आरंभ' या शब्दांतच आहे. गुरुजी तालमीचा गणपति १८८७ पासूनचा, व तो हिंदु आणि मुसलमान अशा दोन्ही घराण्यांनीं मिळून बसविला, असें परंपरा सांगते. ती खरी धरली तर आरंभ १८८७ सालीं झाला असें म्हणावयाचें काय? तालमींतला गणपति घरांतला नव्हे हें खरें. पण तो तालमीच्या पोरांचा होता, पेठेचा होता काय? असे प्रश्न विचारूं लागलों म्हणजे ध्यानांत येतें कीं, ज्यास आपण सार्वजनिक उत्सव म्हणतों त्यांत तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत. मूर्ति कुटुंबाच्या देवघराबाहेर बसणें ही पहिली. खर्च एका धन्याऐवजीं शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या वर्गणींतून निघणें ही दुसरी. आणि निरनिराळ्या ठिकाणच्या मूर्ति ठरलेल्या क्रमानें व ठरलेल्या वाटेनें एकत्र विसर्जनास निघणें ही तिसरी. या तिहींचीं सालें एकच असलीं पाहिजेत असा कांहीं नियम नाहीं. आम्हांस तर तीं वेगळीं असण्याचाच संभव अधिक दिसतो.

पेशवाईंतील गणेशोत्सवाचा दाखला या प्रसंगीं नेहमीं दिला जातो. शनिवारवाड्यांतील गणपति-रंगमहालांत उत्सव थाटानें होई, कीर्तनें होत, गाणेंबजावणें होई, दक्षिणा वाटली जाई, यांत शंका नाहीं. पण त्या समारंभाची मांडणी अगदीं निराळी. जागा सरकारची, खर्च सरकारचा, आणि आंत कोणास घ्यावें हें ठरविणाराहि सरकारच. नगरवासी तेथें पाहुणा म्हणून किंवा याचक म्हणून जाई; यजमान म्हणून कधींच नाहीं. १८१८ सालीं राज्य गेलें व तो यजमान नाहींसा झाला. देवस्थानांचे उत्सव इनामांच्या उत्पन्नावर चालत राहिले. तुळशीबागेंतील रामनवमी हें त्याचें ठळक उदाहरण. घरगुती गणपति घरोघर होतेच. पण पेठ ही स्वतः यजमान होऊं शकते, ही कल्पना यांपैकीं एकांतहि नाहीं.

येथें 'सार्वजनिक' या शब्दासंबंधीं दोन शब्द लिहिल्यास वाचक क्षमा करतील. जन्म संस्कृत शिकविण्यांत गेल्यामुळें ही खोड आम्हांस जडली आहे. पाणिनीनें पांचव्या अध्यायाच्या आरंभीं 'त्यास हितकर' अशा अर्थाचे प्रत्यय सांगितले आहेत, आणि वार्तिककारानें त्या प्रकरणांत 'सर्वजन' शब्दास दोन प्रत्यय देऊन 'सार्वजनिक' व 'सर्वजनीन' हीं रूपें साधलीं आहेत. म्हणजे व्याकरणाच्या दृष्टीनें सार्वजनिक तें, जें सर्व जनांच्या हिताचें. सर्वांच्या मालकीचें, किंवा सर्वांच्या पैशाचें, हा अर्थ त्यांत मुळीं नाहीं. पुण्यास १८७० सालीं सार्वजनिक सभा निघाली तेव्हांपासून हा शब्द लोकांच्या तोंडीं बसला, आणि त्याबरोबरच त्याचा अर्थहि हितापासून हक्काकडे सरकूं लागला. या सरकण्याचा परिणाम पुढें दादरास कसा दिसून आला तें आम्ही लवकरच सांगूं.

आतां जागेचा विचार. जुन्या पुण्यांतील मोठा वाडा हा एक चमत्कारिक पदार्थ होता. त्याच्या दिंडींतून आंत शिरलें कीं पहिला चौक लागे. तेथें कारकून, कुळें, हरदास, भिक्षुक, शेजारी, कोणीहि येऊन बसे. त्याच्या आंतला चौक घरच्या माणसांचा. त्याच्याहि मागें चौक असल्यास तो बायकांचा व स्वयंपाकघराचा. यावरून पहिला चौक खासगी खरा, पण बंद नव्हे, असेंच म्हणावें लागतें. पांचपन्नास माणसें जमवून कीर्तन करावयाचें तर याहून सोयीची जागा शहरांत नव्हती. वर आभाळ, भोंवतीं ओटे, ओट्यांवर बायकांस बसावयास आडोसा, आणि गर्दी फार झाल्यास दिंडी लावून घेण्याची सोय. शिवाय चौकांत जमावयास सरकारचा परवाना लागत नसे. लागे ती फक्त धन्याची मर्जी.

हीच या जागेची मर्यादा. मर्जी आज आहे ती उद्यां नसेल. धनी वारला, वाडा गहाण पडला, भाऊबंदकी माजली, कीं उत्सवास दुसरें घर शोधावें लागे. टिळकांनीं १८९४ सालीं बसविलेला गणपति विंचूरकर वाड्यांत होता. पुढें त्यांनीं गायकवाड वाडा घेतल्यावर १९०५ पासून तो तिकडे गेला, व त्या वाड्यास केसरीवाडा हें नांव पडलें. टिळकांच्या गणपतीचीहि ही स्थिति, मग लहानसहान मंडळ्यांची काय कथा! म्हणून कित्येकांनीं देवळांचा आश्रय घेतला, कित्येकांनीं तालमींचा. पुण्यांत ज्या पांच गणपतींस मान आहे त्यांचीं नांवें क्रमानें घेऊन पाहावीं: कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा. दोन दैवतांच्या सान्निध्यावरून, एक तालमीवरून, एक देवालयाच्या आवारावरून, एक वाड्यावरून. पांचांतला एकहि मूर्ति बसविणाऱ्या पुरुषाच्या नांवानें ओळखला जात नाहीं. लोकांच्या जिभेवर जागा टिकली, पुरुष टिकला नाहीं, ही गोष्ट आद्यप्रवर्तकाच्या वादांत पडणाऱ्यांनीं जरूर लक्षांत घ्यावी. याच्या उलट दगडूशेठ हलवाई व स्वतः भाऊसाहेब रंगारी यांचे गणपति माणसांच्या नांवें चालतात, हेंहि खरें; पण ते मानाच्या पांचांत नाहींत.

मुंबईस वाडे नव्हते. तेथें चाळी होत्या. गिरगांवांतील केशवजी नाईकांच्या चाळींत १८९३ पासून गणेशोत्सव चालू आहे. चाळ मालकाची, खोल्या भाडेकऱ्यांच्या, आणि मधलें अंगण व्यवहारांत सर्वांचें. सज्जांत उभें राहिलें कीं खालचें कीर्तन घरबसल्या ऐकतां येई. वाड्याच्या चौकांत यजमान एक व बाकीचे पाहुणे, हा भेद होता. चाळींत सारेच भाडेकरी, त्यामुळें यजमानपण वांटून घेण्यावांचून गत्यंतर नव्हतें. वर्गणीची पद्धति पक्की होण्यास चाळीइतकी अनुकूल जागा दुसरी नसेल असें आम्हांस वाटतें.

वर्गणीसंबंधीं फार लिहिण्याचें कारण नाहीं. ती कशी मागतात हें प्रत्येक पुणेकरास अनुभवानें ठाऊक आहे. एवढेंच सांगावयाचें कीं, देणाराचें नांव, रक्कम व पावती या तीन गोष्टी आल्या म्हणजे दानाचें रूपांतर वर्गणींत होतें. दान देणारा पुण्याचा धनी होतो. वर्गणी देणारा हिशेब विचारण्याचा धनी होतो. जमाखर्च चौकांत वाचून दाखविण्याची अगर छापून वांटण्याची चाल यांतूनच निघाली. पुढें १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यानें या चालीस सरकारी शिक्का मिळाला, व धर्मादाय आयुक्तांच्या कचेरींत मंडळांचे हिशेब जमूं लागले. त्याच्या अलीकडची माहिती त्यामुळें सुलभ आहे. पलीकडची मात्र ज्याच्या त्याच्या माळ्यावर.

मिरवणुकीची गोष्ट याहून बिकट. घरचा गणपति डोक्यावर घेऊन नदीवर नेण्यास कोणाची परवानगी लागत नसे. पण दहा ठिकाणच्या मूर्ति एका रस्त्यानें जावयाच्या म्हटल्या कीं लगेच तीन प्रश्न उभे राहतात: पुढें कोण, कोणत्या रस्त्यानें, आणि किती वाजतां. पहिल्या प्रश्नाचा निकाल पेठांनीं आपसांत लावावयाचा. कसब्याचा गणपति ग्रामदैवत म्हणून पहिला, जोगेश्वरी ग्रामदेवता म्हणून दुसरी, हा क्रम टिळकांच्या मध्यस्थीनें ठरल्याचें परंपरा सांगते. त्यांतील युक्ति पाहण्याजोगी आहे. श्रीमंती, जात किंवा मूर्ति आधीं कोणीं बसविली, यांपैकीं कोणतीहि कसोटी लावली असती तरी तंटा माजला असता; ग्रामदैवताचा मान मात्र उत्सवाच्या पूर्वींपासूनचा, त्यावर कोणास बोलतां येईना. रस्त्याचा व वेळेचा निकाल सरकारच्या हातीं होता. १८९० च्या मुंबई जिल्हा पोलीस कायद्यानें रस्त्यांवरील मिरवणुकी व वाद्यें यांचें नियमन करण्याचा अधिकार अंमलदारांस दिलेला होता. चौकांत मालकाची मर्जी, तशी रस्त्यावर सरकारची.

२६ सप्टेंबर १८९३ च्या 'केसरी'नें त्या वर्षींच्या नव्या प्रकारच्या उत्सवाची प्रशंसा केली. तो अंक अनंतचतुर्दशीच्या लगतचा आहे. खासगीवाले, गणपतराव घोटवडेकर व रंगारी यांचे गणपति त्या सालीं होते हें सर्वमान्य आहे. टिळकांचा स्वतःचा गणपति विंचूरकर वाड्यांत बसला तो पुढच्या सालीं. यावरून रस्त्यावर येण्याची गोष्ट तरी १८९३ च्या पुढें ढकलतां येत नाहीं, व ती टिळकांच्या स्वतःच्या गणपतीच्या आधींची आहे, एवढें निर्विवाद. १८९२ चा प्रश्न उरतो तो पहिल्या दोन गोष्टींपुरता, म्हणजे जागा व वर्गणी यांपुरता. आणि त्या दोन गोष्टी वर्तमानपत्रांत उमटण्यासारख्या नव्हत्या. चौकांत दिंडीच्या आंत घडलेल्या गोष्टीची बातमी कोण छापणार? म्हणून वर्तमानपत्रांच्या मौनावरून १८९२ चें अनुमान खोडून काढणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. आणि नुसत्या सांगीवरून तें सिद्ध धरणेंहि योग्य वाटत नाहीं.

१८९४ च्या उत्सवांत दारूवाला पुलाजवळील मशिदीपाशीं मेळ्यावरून दंगा झाला. तात्यासाहेब नातूंचा मेळा त्या वाटेनें जात होता. याचा विचार करतांना एक जुनी गोष्ट विसरूं नये. तोंपर्यंत पुण्याच्या पेठांतून एकत्र मिरवणूक निघण्याचा प्रसंग म्हणजे मोहरम. ताबुतांच्या त्या मिरवणुकींत हिंदूहि मोठ्या संख्येनें असत; कित्येक हिंदु ताबूत बसवीत. पेठेपेठेचा ताबूत, त्यापुढें गात जाणारीं पथकें, दहा दिवसांचा काळ, आणि शेवटीं पाण्यांत विसर्जन, ही सगळी मांडणी १८९४ च्या गणेशोत्सवांत जशीच्या तशी दिसते. हिंदूंनीं मोहरमांतून अंग काढून घेतलें तें याच सुमारास. जी योजना शेजाऱ्यापासून उचलली तिच्याच योगें शेजारी दुरावला. ही गोष्ट सुखाची नाहीं, पण इतिहासाच्या अभ्यासकानें ती गाळावी असेंहि नाहीं. कारण पथकें, क्रम, वाटा यांची तालीम लोकांस कोठें मिळाली होती या प्रश्नाचें उत्तर तींत आहे.

मेळ्यांचा विषय स्वतंत्र लेखाचा आहे. येथें इतकेंच सांगतों कीं, पेठेंतील मुलांस महिना-दीड महिना आधीं एखाद्या ओसरीवर जमवावयाचें, पदें पाठ करून घ्यावयाचीं, एकसारखे पोषाख करावयाचे, आणि पदांचीं लहान चोपडीं छापून घ्यावयाचीं, असा हा सर्व उद्योग असे. १९०८ सालीं टिळकांस शिक्षा झाल्यावर पुढील एकदोन वर्षांत सरकारनें मेळ्यांवर व त्यांच्या पदांवर कडक नजर ठेविली. १९२० नंतरच्या दशकांत छत्रपति मेळे निघाले व ब्राह्मणेतर पक्षाचें म्हणणें त्याच चौकांतून, त्याच चालींवर ऐकूं येऊं लागलें. दोन्हींकडचीं चोपडीं एकाच टाचणीच्या, एकाच कागदाच्या जातीचीं. संग्राहकांनीं एक पक्ष जपून दुसरा फेंकून देऊं नये.

दादरची गोष्ट सांगावयाची राहिली. सन १९२६ मध्यें तेथील सार्वजनिक गणेशोत्सवांत अस्पृश्य मानलेल्या वर्गासहि पूजेचा अधिकार असावा, अशी मागणी प्रबोधनकार ठाकरे, रावबहादुर बोले व डॉ. आंबेडकर यांनीं पुढें केली. वर्गणी जर सर्व हिंदूंची, तर पूजेचा अधिकारहि सर्व हिंदूंचा, असा त्या मागणीचा रोख होता. तिला पुष्कळ विरोध झाला, तडजोडीच्या वाटाघाटी झाल्या, आणि त्याच वर्षीं दादरास प्रबोधनकारांनीं सार्वजनिक नवरात्रोत्सव सुरू केला. 'सार्वजनिक' शब्दाचा अर्थ हितापासून हक्काकडे सरकला असें आम्हीं वर म्हटलें, त्याचा हा पुरावा. पावतीपुस्तकांत ज्याचें नांव आहे त्यास मूर्तीपाशीं जातां येतें कीं नाहीं, या एका प्रश्नानें तेहतीस वर्षांच्या बोलण्याचालण्याची परीक्षा झाली.

आतां कागदांकडे वळूं. राजवाड्यांनीं मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड १८९८ सालीं छापला, म्हणजे गणेशोत्सवाच्या मेळ्यांची चोपडीं बाजारांत येऊं लागल्यावर अवघ्या चार वर्षांनीं. पेशव्यांचे कागद वाण्याच्या पुडक्यांतून वांचविण्याची धडपड चालली असतां, त्याच शहरांत हे नवे कागद उत्पन्न होत होते. ते कोणी कशाला जपील? अजूनहि आमचे संग्राहकबंधु मोडी फर्द दिसली कीं हात पुढें करतात, आणि बाळबोध छापाची वर्गणीची पावती दिसली कीं रद्दींत ढकलतात. १८९२ चा निर्णय लागलाच तर त्या रद्दीवरूनच लागेल. सरकारी दप्तरांतून परवाने व पोलिसांचे अहवाल मिळतील, पण ते रस्त्यावरचे. चौकांतल्या गोष्टीस चौकांतलाच कागद पाहिजे.

असा कागद हातीं आल्यास सालाचा निश्चय करतांना सावध राहावें. पहिली गोष्ट संवत्सराचें नांव. शके १८१४ नंदन, शके १८१५ विजय, शके १८१६ जय. आकडा पुसट असला व नांव स्पष्ट असलें तर नांवावर विसंबावें. दुसरी गोष्ट वर्षारंभाची. ऑगस्ट १८९२ चा भाद्रपद शके १८१४ चा. चैत्रादि विक्रमसंवत् धरल्यास तो १९४९ चा. परंतु गुजराती पेढीच्या कार्तिकादि वहींत त्याच भाद्रपदापुढें १९४८ लिहिलेलें असणार. एका वर्षाचा वाद असतां एका वर्षाचा फरक पाडणारी ही जागा आहे, आणि पुण्यांतील कापडाच्या व रंगाच्या व्यापारांत गुजराती वह्या चालत होत्या हें ध्यानीं ठेवावें. तिसरी गोष्ट इंग्रजी तारीख. वर्गणी उत्सवाच्या आधीं गोळा होते. चतुर्थी १८९२ सालीं ऑगस्टांत व १८९३ सालीं सप्टेंबरांत असल्यामुळें, ऑगस्टअखेरची 'उत्सवापूर्वी मिळाले' अशा शेऱ्याची नुसती दिवस-महिना घातलेली पावती १८९२ ची असूं शकत नाहीं. चौथी गोष्ट छापखान्याची. १८६७ च्या पंचविसाव्या कायद्यानें प्रत्येक छापील कागदावर छापणाऱ्याचें नांव व स्थळ देणें आवश्यक केलें होतें. तारीख देण्याचें बंधन मात्र नव्हतें. तेव्हां बिनतारखेच्या हस्तपत्रकावर खालच्या अंगास बारीक टाइपांत जो छापखाना असेल तो कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत चालू होता हें पाहावें. बांधणाऱ्यानें कडा कापतांना बहुधा तीच ओळ कापलेली असते, म्हणून असे कागद बांधावयास देऊं नयेत. सुटे, घडी न घालतां, आहे त्या मापांतच ठेवावे.

यांखेरीज मांडववाल्याचें बिल, बत्त्यांच्या तेलाचा खर्च, कीर्तनकारास दिलेल्या नारळ-विड्याची नोंद, मूर्तिकाराची पावती, वाड्याच्या धन्यानें चौक वापरावयास दिल्याची चिठ्ठी, यांपैकीं कांहींहि उपयोगाचें आहे. धन्याची चिठ्ठी सर्वांत मोलाची. तींत जागा, साल व मागणाऱ्यांचीं नांवें हीं तिन्ही एकत्र सांपडतात. महाराष्ट्र शासनानें २०२५ सालीं सार्वजनिक गणेशोत्सवास राज्यमहोत्सव म्हणून मान्यता दिल्यापासून जुन्या मंडळांचीं कपाटें आवरलीं जाऊं लागलीं आहेत, आणि आवरतांना काय बाहेर जातें हें बोहाऱ्यासच ठाऊक. ज्यांच्याकडे १८९५ च्या आधींचें असें एखादें पान असेल त्यांनीं मूळ कागद देण्याची जरूर नाहीं; दोन्ही बाजूंची नक्कल, कागदाचें माप, आणि तो कोणत्या पेठेंत व कशा बांधणींत मिळाला एवढी टीप मंडळाकडे पाठविल्यास पुरे आहे.